ओळख पटनी

अमळनेरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
हिलाल अप्पाच्या टपरीवर कोणालाही विचारा
माझ्या आईचं माहेरचं आडनाव,
माझी पहिली शाळा,
आमच्या कुत्र्याचं नाव.
चहा निवायच्या आत तिन्ही उत्तरं मिळतील,
वर न विचारलेलं चौथं:
माझी सोयरीक कुठे मोडली, आणि कशावरून.

आणि बँक म्हणते,
फक्त तुम्हालाच ठाऊक असेल
असं काहीतरी सांगा.

राजधर बोरसेंच्या खात्यातून एकोणीस हजार गेले
तेव्हा जळगावला सायबर सेलच्या बाकावर
मी बसले होते त्यांच्यासोबत.
लहानपणीचं टोपणनाव, एवढाच प्रश्न होता.
चोराला कुलूप फोडावं लागलं नाही,
त्याला फक्त आमच्या गावचा असावं लागलं.

त्या रात्रीपासून मी खोटं बोलायला लागले.
शांतपणे, एकेका रकान्यात.
लक्षात कुठवर राहणार इतकं खोटं?
म्हणून पासवर्ड मॅनेजर, एकच लांबलचक किल्ली,
आत प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं लबाड उत्तर.
आईचं माहेर: जांभळा स्टूल बहात्तर.
पहिली शाळा: ओली दुर्बीण.
आवडता पदार्थ?
खानदेशात हे विचारणं म्हणजे
दार सताड उघडं ठेवून कडी शोधणं.
भरीत. दुसरं काय असणार.
मी लिहिलं: बर्फ कोयता नऊ.
(इथे सगळी बदलून सांगतेय,
एवढी खुळी नाही मी.)

मग एका दुपारी कार्ड अडकलं.
फोन स्पीकरवर, मांडीवर लॅपटॉप,
आई पलीकडे खाटेवरचे बिबडे उलटत होती,
कडा वाळलेल्या, मध्ये अजून मऊ.
‘मॅडम, मातोश्रींचं माहेरचं आडनाव?’
मी पडद्यावरून वाचलं,
‘जांभळा स्टूल बहात्तर.’
पलीकडे क्षणभर काही नाही.
मग टकटक, मग
‘धन्यवाद मॅडम, आपली ओळख पटली.’

आईच्या हातात एक बिबडा तसाच.
‘काय सांगं तू तिले?’

मी समजावलं. चोर, टोपणनाव, बोरसे काका,
खरं उत्तर कसं सगळ्या गावाकडे असतं.
तिने ऐकून घेतलं सगळं.
मग बिबड्याकडे बघत म्हणाली,
‘चाळीस वरीस व्हयनात,
ते नाव कोनीच इचारं नही.
बँकनी इचारं,
तं तू तेबी खोटं सांगं.’

यावर काय बोलायचं ते
कुठल्याच रकान्यात लिहून ठेवलेलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिजोरी उघडली.
नवी नोंद. संकेतस्थळ: रिकामं.
पासवर्ड: रिकामा.
खाली मोकळी जागा असते, टिपणासाठी.
‘सांग,’ म्हटलं.
आधी लाजली. मग आडनाव सांगितलं,
मग सासरी बदललेलं तिचं पहिलं नाव,
जे मला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं,
आणि जे टपरीवरही कोणाला माहीत नसावं.
शाळा? भावाची पाटी फाटकापर्यंत
पोचवायची, तेवढीच.
बकरीचं नाव सांगताना हसली,
ते मी दोनदा विचारून घेतलं, काना-मात्रेसकट.
‘आते बंद कर,’ म्हणाली,
जशी डब्याचं झाकण लावायला सांगते.
मी बंद केलं.
इतक्या खोट्याच्या शेजारी ते
कसं काय झोपलं असेल, कोण जाणे.

सकाळी तिने चहा आणला.
मी हात पुढे केला, तिने कप मागे घेतला.
‘मन्हं माहेर?’

मी डोळे चोळत म्हटलं,
‘जांभळा स्टूल बहात्तर.’

‘ओळख पटनी,’ म्हणाली
आणि कप दिला.